किल्ली कुणाच्या खिशात? ब्रिटिश संसदेच्या कादंबऱ्या आणि आपलं ‘सिंहासन’

(शाहूपुरी, कोल्हापूर इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



शाहूपुरीत राजकारणावर बोलायला बाहेरून माणूस बोलावला, याचंच मला आधी आश्चर्य वाटलं. इथल्या कुठल्याही चहाच्या गाडीवर या विषयाचे माझ्यापेक्षा मोठे जाणकार उभे असतात. (हशा) तेव्हा राजकारण तुम्ही मला शिकवा, मी आपला कादंबऱ्यांबद्दल बोलतो. विषय असा आहे की ब्रिटिश पार्लमेंटमधल्या महत्त्वाकांक्षी माणसांवर इंग्रजीत जवळजवळ दोनशे वर्षं कादंबऱ्या लिहिल्या जाताहेत. ती राज्यपद्धत आपण घेतली. त्या कादंबऱ्या आपण वाचल्या. मग आपली तशी कादंबरी झाली का, आणि झाली तर ती अगदी वेगळी का दिसते?

माझ्यापुरती ही गोष्ट सुरू झाली इथून चालत पाच-दहा मिनिटांवर, एसटी स्टँडवर. पुष्कळ वर्षं झाली. सांगलीची गाडी काही येईना, म्हणून स्टॉलवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेतलं. जेफ्री आर्चरचं ‘फर्स्ट अमंग ईक्वल्स’, १९८४ सालचं. प्रत अर्थातच चोरून छापलेली, मधली सोळा पानं उलटी शिवलेली. आर्चर स्वतः खासदार होऊन गेलेला माणूस, पुढे २००१ साली खोटी साक्ष दिली म्हणून तुरुंगातही गेला. म्हणजे अनुभवाला कमी नाही. (हशा) त्या कादंबरीत चार तरुण खासदार आहेत आणि चौघांनाही पंतप्रधान व्हायचं आहे. कोण किती मतांनी पुढे, कोणी कधी राजीनामा दिला, कुणाचं भाषण पडलं, कुणाचं लफडं बाहेर आलं, असं सगळं चाललेलं असतं. शेवटी दोन्ही पक्ष अडतात आणि निर्णय राजाकडे जातो. आर्चरने तेव्हाच राजा चार्ल्स कल्पिला होता, हे विशेष. अमेरिकेतल्या आवृत्तीतून तर चौघांतला एक उमेदवार सरळ काढूनच टाकला. आपल्याकडे तिकीट कापतात, तिथे पात्र कापलं.

पण वाचताना मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. इचलकरंजीचा फाटा गेला, जयसिंगपूर गेलं, आणि एकदम लक्षात आलं. तीनशे पानं झाली तरी दिल्लीचा फोन येत नाही! (हशा) निरीक्षक येत नाहीत. बंद लिफाफा येत नाही. ‘सर्वाधिकार श्रेष्ठींना देण्यात येत आहेत’ असा एका ओळीचा ठराव होत नाही. नेता निवडायचा तर त्या पक्षाचे खासदार बसतात, मतं मोजतात, आणि निवडतात.

हसण्यावारी नेऊ नका, कारण कादंबरीच्या दृष्टीने हा फार मोठा फरक आहे. कादंबरीला माणसं एका जागी कोंडलेली लागतात. जो आपल्याला वर नेणार किंवा पाडणार, तो रोज समोर बसलेला लागतो. ब्रिटिश पार्लमेंटने कादंबरीकाराला ही खोली आयती दिली. त्या खोलीतल्या मतांवर पंतप्रधान टिकतो किंवा जातो. त्यामुळे तिथल्या प्रत्येक मताला नैतिक किंमत येते. आपण खोली तशीच बांधली, अगदी सभापतींच्या दंडापर्यंत. पण किल्ली वेगळ्याच खिशात राहिली. आज मला सांगायचं आहे ते एवढंच, आणि ते जरा इतिहासातून दाखवायचं आहे.

आधी इंग्लंडचं पाहू. पहिलं नाव डिझरायलीचं. हा गृहस्थ आधी कादंबरीकार आणि मग पंतप्रधान. ‘कनिंग्जबी’ १८४४ साली, ‘सिबिल’ १८४५ साली, आणि पंतप्रधानपद १८६८ साली. पद मिळालं तेव्हा तो म्हणाल्याचं सांगतात की, तेल लावलेल्या खांबाच्या टोकावर एकदाचा पोचलो. कोल्हापुरात मल्लखांब कुणाला समजावून सांगायला नको. पण डिझरायलीच्या कादंबऱ्या मला खरं सांगायचं तर जड जातात. त्यात माणसं कमी बोलतात आणि जाहीरनामे जास्त बोलतात. त्याच्यावर मी थांबत नाही.

थांबायचं ते ॲन्थनी ट्रॉलपवर. हा पोस्टखात्यातला अधिकारी. पहाटे उठून, घड्याळ समोर ठेवून, ठरलेले शब्द लिहायचा आणि मग कचेरीत जायचा. ब्रिटनच्या चॅनल बेटांवर रस्त्याच्या कडेच्या टपालपेट्या बसल्या त्या याच्या सूचनेवरून. आयुष्यात याची एकच हौस होती, पार्लमेंटमध्ये बसायचं. १८६८ साली यॉर्कशायरमधल्या बेव्हर्ली गावातून उभा राहिला. चार उमेदवार होते, हा चौथा आला. खर्च झाला चारशे पौंड. नंतर चौकशी झाली, आणि त्या गावात मतं विकत घेण्याची इतकी जुनी परंपरा निघाली की गावाचा खासदार पाठवण्याचा हक्कच काढून घेतला गेला. पराभवाचा आणि त्या किळसवाण्या अनुभवाचा त्याने सूड कसा घेतला? कादंबरीत घातला. ‘राल्फ द एअर’मधली निवडणूक वाचा. पाकिटं वाटणं हा आमचाच शोध आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी तर जरूर वाचा.

पण त्याची खरी कादंबरी ‘फिनियस फिन’, १८६९ सालची. ती लिहिण्यासाठी त्याने सभापतींची परवानगी काढून गॅलरीत बसून कामकाज पाहिलं होतं. फिनियस हा आयर्लंडमधल्या एका डॉक्टरचा मुलगा. देखणा, गोड बोलणारा, खिशाने फाटका. एका लॉर्डच्या मर्जीतल्या मतदारसंघातून तो निवडून येतो. आता इथे एक तपशील लक्षात ठेवा, त्याशिवाय ही कादंबरी कळत नाही. त्या काळात ब्रिटिश खासदाराला पगार नव्हता. तो सुरू झाला १९११ साली, वर्षाला चारशे पौंड. म्हणजे गरीब माणसाला खासदार राहायचं तर दोनच वाटा. एक तर मंत्रिपद मिळवायचं, कारण त्याला पगार होता, नाहीतर श्रीमंत बायको करायची. फिनियसची महत्त्वाकांक्षा आणि त्याची प्रेमप्रकरणं एकमेकांत अडकतात ती या हिशेबामुळे. त्याला कनिष्ठ मंत्रिपद मिळतं. आणि मग आयर्लंडमधल्या कुळांच्या हक्काचा प्रश्न येतो. सरकार एका बाजूला आणि त्याचं मन दुसऱ्या बाजूला. एक श्रीमंत विधवा आपला हात आणि पैसा देऊ करते. घेतला असता तर सगळंच सुटलं असतं. तो घेत नाही. तो पद सोडतो, कुळांच्या बाजूने मत देतो, आणि पगार गेल्यावर लंडन परवडत नाही म्हणून आयर्लंडला परत जाऊन एक साधी सरकारी नोकरी धरतो.

कुळकायद्याचा प्रश्न होता, बघा. आपल्याकडे ज्या प्रश्नावर कितीतरी राजकारणं घडली, त्याच प्रश्नावर तिकडच्या एका कादंबरीतला नायक पदावर पाणी सोडतो. ट्रॉलप त्याला हुतात्मा करत नाही. फिनियसला पश्चात्ताप होतो, चिडचिड होते, गावाकडे करमत नाही. ‘फिनियस रीडक्स’मध्ये, १८७४ साली, तो परत येतो, खुनाच्या आरोपात सापडतो, सुटतो. राजीनामा दिलेल्या माणसाला परत यायला वाट असते, हे या दोन कादंबऱ्यांमधलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

‘द प्राइम मिनिस्टर’, १८७६ सालची, हिच्यात उलट आहे. महत्त्वाकांक्षा नसलेला सज्जन ड्यूक पंतप्रधान होतो आणि दुःखी होतो. बायको मेजवान्यांवर मेजवान्या देऊन त्याचं सरकार टिकवू पाहते. या बिचाऱ्याचं आयुष्यातलं एकच स्वप्न, इंग्लंडच्या चलनात दशमान पद्धत आणायची. आपण १९५७ साली आणे मोडून नवे पैसे आणले. इंग्लंडला ते जमायला १९७१ उजाडलं. ड्यूकसाहेब मुंबई राज्यात जन्मले असते तर सुखी झाले असते. (हशा)

आता आपल्याकडे येऊ.

आपल्या साहित्यात महत्त्वाकांक्षा नव्हती असं नाही. पण ती गादीची होती. खाडिलकरांचं ‘भाऊबंदकी’ घ्या, १९०९ सालचं. आपल्याच जिल्ह्यातल्या कोवाडच्या रणजित देसाईंची ‘स्वामी’ घ्या, १९६२ सालची. दोन्हींत राघोबादादा आहेत. प्रतिस्पर्धी चुलता असतो, पुतण्या असतो, वहिनी असते. गादीसाठीच्या भांडणात मतमोजणी नसते, त्यामुळे तिथे हरलेल्याला विरोधी बाकही नसतो. कोल्हापूर तर गादीचंच गाव. २०२४ च्या लोकसभेला ‘मान गादीला, मत मात्र आम्हाला’ अशा थाटाच्या घोषणा याच रस्त्यांवरून फिरल्या. लोकांनी त्या वेळी मान आणि मत दोन्ही एकाच ठिकाणी दिलं, तो भाग वेगळा. पण ‘गादी’ आणि ‘खुर्ची’ हे दोन शब्द आपण अजून शेजारीशेजारी वापरतो, हे मला महत्त्वाचं वाटतं.

खुर्ची आली १९३७ साली. १९३५ च्या कायद्याने प्रांतांना जबाबदार सरकार मिळालं. मुंबई प्रांताचे पहिले प्रमुख, तेव्हा त्यांना पंतप्रधानच म्हणत, ते कोण ठाऊक आहे? आपल्या साताऱ्याचे धनजीशा कूपर. काँग्रेसने सुरुवातीला पदं घ्यायला नकार दिला, म्हणून ते काही महिने बसले. जुलैत काँग्रेस आली. शहराला वाटत होतं की नेते होणार वीर नरिमन. ते मुंबई प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष होते आणि लोकप्रिय होते. नेते झाले बाळासाहेब खेर. नरिमनांनी जाहीर आरोप केला की सरदार पटेलांनी आपल्याविरुद्ध वजन टाकलं. चौकशी झाली, गांधीजी आणि बहादुरजी यांनी ती केली, निष्कर्ष नरिमनांच्या विरुद्ध गेला आणि त्यांचं राजकारण तिथे जवळजवळ संपलं. खेर वाईट होते असं अजिबात नाही, फार सचोटीचा माणूस. त्यांच्या मंत्रिमंडळात अर्थखातं आपल्या कोल्हापूरचे माजी दिवाण अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होतं. पटेलांचं चुकलं की नरिमनांचं, हा निवाडा मी आज करत नाही. मला एवढंच दिसतं की खोलीत आमदारांनी मत दिलं, आणि तरीही सगळ्या शहराला वाटलं की खरा निर्णय खोलीबाहेर झाला. यंत्र आणलं त्याच वर्षीचा हा अनुभव आहे. पुढे १९५२ साली मोरारजीभाई अवघ्या काही मतांनी स्वतःची जागा हरले आणि तरी मुख्यमंत्री झाले. ट्रॉलपला हे सांगितलं असतं तर त्याने घड्याळ बंद करून ठेवलं असतं.

तरीसुद्धा, मंडळी, आपल्याकडे एक फिनियस फिन झाला. चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नेहरूंचे अर्थमंत्री, कुलाब्याचे खासदार. १९५६ साली मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राकडे ठेवायचं ठरलं. आधीच मुंबईत गोळीबारात माणसं मेली होती. जुलै १९५६ मध्ये देशमुखांनी राजीनामा दिला आणि लोकसभेत उभं राहून कारणं सांगितली. गोळीबाराची न्यायालयीन चौकशी हवी, हा एक मुद्दा. दुसरा, आज आपल्या विषयाला लागू पडणारा, असा की मुंबईचा निर्णय मंत्रिमंडळासमोर रीतसर न येता जाहीर झाला. म्हणजे त्यांचा प्रश्न मुंबईचा होता तसाच खोलीचाही होता. आपण ज्या खोलीचे सभासद आहोत, तिथे निर्णय होत नसेल तर बसायचं कशाला?

त्याच वेळी दुसऱ्या बाजूला यशवंतराव. हे तर आपले, राजाराम कॉलेजचे विद्यार्थी, १९३८ चे पदवीधर. त्यांनी संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांच्यात नेहरूंना वरचं स्थान दिलं आणि त्यासाठी आयुष्यभर शिव्या खाल्ल्या. नोव्हेंबर १९५६ मध्ये द्विभाषिकाचे ते मुख्यमंत्री झाले. त्या वेळी, हे लक्षात ठेवा, खोलीत खरी लढत झाली होती. भाऊसाहेब हिरे उभे राहिले आणि पडले. आणि १९६० साली मुंबईसह महाराष्ट्र आला तेव्हा खुर्चीवर यशवंतराव होते.

आता कुणी म्हणेल, बघा, जो थांबला त्याने मिळवून दिलं. कुणी म्हणेल, नाही, राजीनाम्याने आणि रस्त्यावरच्या माणसांनी मिळवलं. या वादात कोल्हापूरकर संध्याकाळी सात ते रात्री अकरा काढू शकतो. मला कादंबरीचा वाचक म्हणून एक गोष्ट सलते. देशमुख परत आले नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोग, दिल्ली विद्यापीठाचं कुलगुरुपद, सगळं सन्मानाचं. १९६९ साली राष्ट्रपतिपदाला उभे राहिले आणि हरले. पण सत्तेच्या राजकारणात परतीची वाट नव्हती. दोन मित्रपक्षी माणसं, दोन्ही बुद्धिमान, दोघांचाही नेहरूंवर लोभ, एकाने सोडलं आणि एकाने धरलं. यापेक्षा मोठी राजकीय कादंबरी कुठली असते? माझ्या वाचनात ती मराठीत आलेली नाही. आपण मेणबत्ती लावून पानिपतावर जातो, पण १९५६ च्या जुलै महिन्यात जात नाही.

आपल्याला जी कादंबरी मिळाली ती दोन दशकांनंतर. अरुण साधूंची ‘मुंबई दिनांक’ १९७२ साली आणि ‘सिंहासन’ १९७७ साली. साधू बातमीदार. जिथे ट्रॉलप गॅलरीत पाहुणा म्हणून बसला, तिथे हे रोजचे कामावर. या दोन्ही कादंबऱ्या मिळून १९७९ साली जब्बार पटेलांचा ‘सिंहासन’ चित्रपट झाला, पटकथा तेंडुलकरांची. त्यातले मुख्यमंत्री जिवाजीराव म्हणजे आपले कोल्हापूरचे अरुण सरनाईक. कोल्हापूर जिल्ह्याने राज्याला अजून मुख्यमंत्री दिला नाही असं म्हणतात, ते चूक आहे. पडद्यावर दिला आहे, आणि फार चांगला दिला आहे. (टाळ्या)

गोष्ट तुम्हाला माहीत आहे. मुख्यमंत्र्यांना कळतं की आपल्याविरुद्ध कट शिजतोय. अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे खुर्चीवर डोळा ठेवून आहेत. पत्रकार दिगू टिपणीस सगळं पाहतो आहे. आता ही कादंबरी ट्रॉलपच्या शेजारी ठेवून वाचा. साधूंना सभागृहात फारसं जावंच लागत नाही! बंगले आहेत, मोटारी आहेत, हॉटेलं आहेत, कामगारांचा पुढारी डिकास्टा आहे, तस्करी आहे, दुष्काळ आहे, साखरेचे लोक आहेत, आणि सगळ्यावर दिल्लीची सावली आहे. फिनियसचं भवितव्य ज्या एका मतावर ठरतं, तसं मत इथे येतच नाही. कारण लेखकाला ठाऊक आहे की इथे मत ही शेवटची पायरी असते, आधी सगळं ठरल्यावर चढायची. म्हणून साधूंनी खोली सोडली आणि अख्खं शहर घेतलं. हा काही कमीपणा नव्हे. ट्रॉलपच्या कादंबरीत मोलकरीण चहा घेऊन आली की तिचं काम संपतं. साधूंच्या मुंबईत दारात उभा असलेला माणूसही कथेचा भाग आहे. पण किंमत मोजावी लागली. विश्वासराव राजीनाम्याचा विचार करतात तो डाव म्हणून. मनाशी झगडून पद सोडणारा मंत्री त्या कादंबरीत शोभलाच नसता, वाचकाने त्याच्यावर विश्वास ठेवला नसता.

आणि नाव बघा. खुर्चीवरच्या कादंबरीचं नाव ‘सिंहासन’. सगळा कारभार वेस्टमिन्स्टरचा आणि शब्द रायगडचा.

पुढची गंमत तर तुम्ही पाहिलेली आहे. कादंबरी १९७७ ची. १९७८ च्या मार्चमध्ये दोन काँग्रेस एकत्र येऊन सरकार झालं, वसंतदादा मुख्यमंत्री, तिरपुडे उपमुख्यमंत्री. जुलैत त्यांच्याच मंत्रिमंडळातले शरद पवार चाळीसच्या आसपास आमदार घेऊन बाहेर पडले आणि वयाच्या अडतिसाव्या वर्षी मुख्यमंत्री झाले. सांगली-कोल्हापूरच्या घराघरांत त्यावरून भांडणं झाली, पाठीत खंजीर हा शब्दप्रयोग तेव्हापासून आपल्या बोलण्यात कायमचा आला. पुढे ‘सिंहासन’चं चित्रीकरण मंत्रालयात झालं ते पवार मुख्यमंत्री असताना, त्यांच्याच परवानगीने. माणूस आपल्यावरचं नाटक आपल्याच वाड्यात करू देतो, याचं मला कौतुक वाटतं. आणि किल्लीचं म्हणाल तर फेब्रुवारी १९८० मध्ये दिल्लीत इंदिराबाई परत आल्यावर ते सरकार बरखास्त झालं. सभागृहातल्या बहुमताचा प्रश्नच आला नाही.

इंग्लंडमध्ये अगदी असंच झालं. मायकेल डॉब्स हा थॅचरबाईंच्या पक्षाच्या कार्यालयातला मोठा अधिकारी, बाईंशी बिनसलं, आणि १९८९ साली त्याने ‘हाउस ऑफ कार्ड्स’ लिहिली. नायक कोण, तर पक्षाचा व्हिप. आपल्याकडे व्हिपला प्रतोद म्हणतात, म्हणजे सारथ्याच्या हातातला चाबूक. हा प्रतोद एकेकाची गुपितं साठवून पंतप्रधानाला पाडतो आणि स्वतः चढतो. बीबीसीवर त्याची मालिका सुरू झाली १९९० च्या नोव्हेंबरमध्ये, आणि त्याच आठवड्यात खऱ्या थॅचरबाई पडल्या. पण त्या कशाने पडल्या हे पाहा. जेफ्री हाउ हा त्यांचा जुना सहकारी, अगदी मवाळ माणूस. त्याने राजीनामा दिला आणि सभागृहात उभा राहून क्रिकेटची उपमा दिली, की आम्हाला फलंदाजीला पाठवायचं आणि कर्णधाराने आधीच बॅटी मोडून ठेवायच्या. आठवड्याभरात पक्षाच्या खासदारांनी मतदान केलं. बाईंना २०४, हेसेल्टाइनना १५२. नियमाप्रमाणे चार मतं कमी पडली, आणि अकरा वर्षं राज्य केलेली बाई गेली. चार मतं! देशमुखांच्या भाषणात हाउच्या भाषणापेक्षा काय कमी होतं? काहीच नाही. फक्त ऐकणाऱ्यांच्या हातात ती चार मतं नव्हती.

इंग्रजांचं फार कौतुक चाललंय असं वाटत असेल तर सांगतो, त्यांनीही किल्ली खोलीबाहेर दिली. हल्ली तिथे नेता निवडताना शेवटचा शब्द पक्षाच्या सभासदांचा असतो. २०२२ साली खासदारांची जास्त पसंती सुनक यांना होती, सभासदांनी लिझ ट्रस निवडल्या, आणि त्या दोन महिनेही टिकल्या नाहीत.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो मला खरोखर अस्वस्थ करतो. १९८५ साली आपण पक्षांतरबंदी आणली. आयाराम-गयाराम इतके झाले होते की काहीतरी करणं भाग होतं, हे मान्य. दहाव्या परिशिष्टाने असं ठरलं की पक्षादेश मोडून मत दिलं तर सदस्यत्व जाऊ शकतं. पण एक-तृतीयांश आमदार एकदम फुटले तर चालेल, अशी सोय ठेवली. २००३ साली ती सोय काढली. दोन-तृतीयांशांच्या विलीनीकरणाची अजून आहे. म्हणजे काय झालं? एकटा माणूस कुळांच्या प्रश्नावर, धरणाच्या प्रश्नावर, सीमाभागाच्या प्रश्नावर मनाला पटेल तसं मत द्यायला गेला, तर घरी. घोळक्याने गेलात, बसने गेलात, विमानाने गेलात, तर वकील लावून काहीतरी वाट निघते. फिनियस फिनने जे केलं ते आज मुंबईच्या विधानभवनात बेकायदा आहे. त्याने निदान पद गमावलं, जागेचा निर्णय त्याच्या हातात होता. आपल्याकडे जागाही जाते.

मग कादंबरीकाराने काय लिहावं? गुवाहाटीच्या हॉटेलची वर्णनं लिहावीत? ती बातमीदारांनी आधीच लिहिली आहेत, आणि चांगली लिहिली आहेत. दिगू टिपणीस शेवटी वेड्यासारखा हसतो. आपण चित्रपटगृहातून बाहेर पडताना त्याच्याबरोबर हसलो, आणि ‘सगळे असलेच’ म्हणत घरी गेलो. मीही गेलो. चाळीस वर्षं आपण तेच वाक्य म्हणतो आहोत. ट्रॉलप वाचल्यावर मला ते वाक्य म्हणणं जड जायला लागलं, कारण त्याच्याकडे सगळे तसलेच नसतात. लोभी माणूसही एखाद्या संध्याकाळी नाही म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याला त्याचा राग येतो. तो मधला एक दिवस आपल्या कादंबरीत मला हवा आहे. १९५६ चा देशमुखांचा तो दिवस, किंवा हिरे पडले त्या रात्रीची त्यांची बैठक.

आता प्रश्न असतील तर घेऊ. हां, मागे बसलेल्या काकांचा हात वर आहे. काय म्हणता? ‘मुंबई-दिल्लीचं सोडा, आमच्या सेवा सोसायटीवर आणि दूध संघावर कादंबरी का नाही?’ (हशा, टाळ्या)

काका, प्रश्न अगदी बरोबर आहे. तालीम मंडळ, सोसायटी, कारखाना, दूध संघ, बँक, १९६२ पासून जिल्हा परिषद, आणि मग विधानसभा, ही आपली शिडी आहे, आणि या शिडीवरच्या प्रत्येक पायरीवर मतं खरोखर मोजली जातात. एका मताने सभापती पडलेला तुम्ही पाहिला असेल, मीही पाहिला आहे. म्हणजे ट्रॉलपला हवी होती ती खोली आपल्याकडे मुंबईत नाही, तालुक्याला आहे. तिथला ठरावधारक सहलीला नेऊन ठेवतात ते काही उगीच नाही, त्याच्या मताला किंमत आहे म्हणून नेतात. कादंबरी का नाही म्हणाल, तर सुरुवात झालेली आहे. आपल्या पट्टणकोडोलीच्या शंकर पाटलांची ‘टारफुला’ वाचा, १९६४ सालची. पाटील मरतो आणि त्या रिकाम्या जागेभोवती अख्खं गाव कसं फिरायला लागतं, त्याची गोष्ट आहे. टारफुला म्हणजे ज्वारीच्या मुळांवर जगणारं तण, हे तुम्हाला माहीत असेल, शहरातल्या मुलांसाठी सांगतो. ती पाटीलकीच्या काळातली आहे. सोसायटीच्या काळातली कुणीतरी लिहायची राहिली आहे. तुम्ही किती वर्षं संचालक होता म्हणालात? अठरा? मग वही घ्या आणि सुरू करा. नावं तेवढी बदला. (हशा)